गप्प बसलेला ट्यूबा

मिलच्या बँडात मी ट्यूबा वाजवायचो. लग्नात हे थोराड पितळी वाद्य जरा थांबलं की यजमान डोळे वटारायचा. वाजंत्र्यानं फुंकतच राहायचं, ही आमच्या सोलापूरची रीत. पण गोवेकर बँडमास्तरनं एका रशियन सिंफनीचा शेवट बसवला आणि त्यात मला अगदी अखेरीस, घंटेच्या एका ठोक्यानंतर, थोडे खोल, हळू सूर दिले. तोवर गप्प बसायचं. मला सगळ्या संगीतात तेवढीच जागा आवडायची.

मिलच्या साहेबापुढं वाजवायच्या दिवशी मी वाद्य मांडीवर घेऊन मात्रा मोजत होतो. एवढ्यात साचेखात्याचा जॉबर, आम्हा विणकरांचा मुकादम, मागं येऊन उभा राहिला. त्याच्या मनात आलं तर उद्या माझा साचा, म्हणजे माझा माग, दुसऱ्याला जायचा.

"फुकट बसलास व्हय? फुंक की."

उत्तर दिलं तर मोजणी चुकणार. मी हललो नाही. त्यानं खांदा दाबला.

"साहेब बगतोय. फुंक."

मोजणी गेलीच. संतापानं तोंड कोरडं पडलं, आणि कोरड्या ओठांनी हा सूर फाटतो. आता घंटेकडं कान लावून बसायचं, एवढंच हातात उरलं.

घंटा वाजली. मी फुंकलं. सूर जमिनीखालून आल्यासारखा उठला आणि सावकाश विझला. खांद्यावरचा हात कधी निघाला, कळलं नाही.

साच्यांच्या खडखडाटात जन्मभर ओरडूनच बोललेला तो माणूस माझ्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "एवढ्यासाटी बसला हुतास व्हय?"