ऊन पाण्यावरची बाई

लग्नाला दोन वर्षं झाली होती, तेव्हा माझ्या डाव्या खांद्याखाली एक पांढुरका चट्टा उठला. तो आधी सासूनं पाहिला. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट वेगळं झालं. आठ दिवसांत दिरानं मला माहेरी आणून सोडलं. महारोग हे नाव कुणी तोंडातून काढलं नाही. माहेरीही नाही. आईनं फक्त माझं अंथरूण पडवीत घातलं.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, जिंतूरकडच्या एका गावात किराणा दुकान होतं. निजामाचं राज्य होतं. मोठा दवाखाना परभणीला. तिथं नेलं तर बातमी फुटेल म्हणून आप्पा टाळत होते. मग कुणीतरी सांगितलं, डोंगरात ऊन पाण्याचा झरा आहे, सोमवारी पाच बुडक्या मारल्या की कातडी नितळ होते.

पौषातल्या एका सोमवारी पहाटे आप्पांनी दमणी जुंपली. गडी घेतला नाही, स्वतःच हाकायला बसले. एरवी वाटेत भेटेल त्याच्याशी बोलणारा माणूस त्या दिवशी माणूस दिसला की बैल जोरात हाकायचा. डोंगराखालच्या शेवटच्या वाडीत विहिरीवरच्या बायकांनी आमची गाडी पाहिली आणि घागरी उचलून बाजूला झाल्या.

झरा एका घळीत होता. देऊळ नाही, पायरी नाही. काळ्या खडकात पाणी साठलेलं, त्यावर वाफ, आणि काडी ओढल्यावर येतो तसला वास. भोवतीच्या झुडपांवर लोकांनी टाकून दिलेली लुगडी होती, उन्हानं विटून एकाच रंगाची झालेली. त्यांत एक लहान लेकराची कुंची होती. काठावर होल्याची दोन पाखरं मरून पडली होती. अंगावर जखम नव्हती. पायाखालची जमीन कोमट लागत होती, जनावराच्या अंगासारखी.

"तू बुडक्या मार," आप्पा म्हणाले. "मी बैलाला पाणी पाजून येतो."

गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन मी डोळे मिटले, शिवाचं नाव घेतलं आणि पाण्यात उतरले. तळाचा चिखल पायाला चटके देत होता. चौथी बुडकी मारून वर आले तेव्हा वाफेतून आवाज आला, "पाचवीला डोळे गच्च मीट. लय झोंबतं."

पलीकडच्या खडकावर एक बाई बसली होती. पदर तोंडावर, दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. गळ्यात माझ्यासारखंच, तांबड्या फडक्यात बांधलेलं लिंग.

"शरणार्थ," आम्हा लिंगायतांच्या सवयीनं मी नमस्कार केला.

तिनं चिंध्यांचा हात गळ्यातल्या लिंगाला लावला. "लय दिसानं ऐकलं," म्हणाली. "कुनासंगं आलीस?"

"आप्पासंगं. बैलाला पाणी पाजायला गेलेत."

तिनं वाटेकडं मान वळवली. "माजा भाऊ बी बैलालाच पाणी पाजायला गेला व्हता."

"कवा?"

"त्या पळसाला चार डाव फुलं आली तवापासून." मग तिनं आवाज खाली आणला. "गावात माजी समाधी केली म्हनं. गुराख्यानं सांगितलं. खड्डा खांदला, इभूत टाकली, माती लोटली. आत काय ठिवलं असंल गं?"

ऊन पाण्यात उभी असून माझ्या अंगावर काटा आला. पाचवी बुडकी राहिलीच. मी बाहेर आले, कोरडं लुगडं कसंबसं गुंडाळलं आणि वाटेकडं धावले. दमणी नव्हती. चाकं वळून आल्या वाटेनं गेलेली दिसत होती. खाली ओढा होता, पण त्यात नुसती वाळू.

"आप्पा!" मी ओरडले. डोंगरानं ती हाक जरा उशिरा परत केली.

ती माझ्या मागं येऊन लांब उभी राहिली. "पळू नको, वाट चुकशील. बस." आणि ती मला सांगू लागली, अगदी शांतपणे, नव्या सुनेला घर दाखवावं तसं. प्यायचं पाणी कुठल्या कपारीत आहे. वाडीतले लोक भाकरी कुठल्या धोंड्यावर ठेवून जातात. कुठला खडक थंडीतही ऊन राहतो. "निजायला दोघींना पुरतो," ती म्हणाली.

मी रडले नाही. तिचं सगळं मन लावून ऐकत होते, याची मला आज सगळ्यात जास्त भीती वाटते.

ऊन कलल्यावर घुंगरं वाजली. आप्पा आले. पटका हातात, तोंड धुळीनं भरलेलं. "बैल बुजले," ते म्हणाले. बैल तर मान खाली घालून उभे होते. आप्पांनी दमणीतून एक पोतं उतरवून त्या बाईपुढं ठेवलं. त्यात पीठ होतं, डाळ, गूळ, मीठ, एक तवा आणि माझं पडवीतलं घोंगडं. एका दिवसाच्या वाटेला आप्पांनी पहाटेच एवढं सामान गाडीत घातलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी गाडीत बसले. आप्पा तिच्याशी खालच्या आवाजात काही बोलले. "कुनाची तू?" एवढंच मला ऐकू आलं. तिनं हात लांब करून एका गावाच्या दिशेनं दाखवलं.

"न्या तिला," ती शेवटी मोठ्यानं म्हणाली. "आता परत वळू नगा."

आम्ही घरी गेलोच नाही. तसेच परभणीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं मला डोळे मिटायला लावून कापसाची वात चट्ट्यावर फिरवली. "किधर लगा, बोलो." मी बरोबर बोट ठेवलं; महारोगाचा चट्टा बधिर असतो. "ये वो बीमारी नै, अम्मा. मामुली शिबं है. मलम लगाव." महिनाभरात चट्टा गेला, आणि सासरहून न्यायला माणूस आला.

त्या दुपारी आप्पा कुठवर गेले होते, ते मी कधी विचारलं नाही. पण पुढं माहेरी गेले की एक गोष्ट पाहायची. सणाच्या तोंडावर शेजारच्या गावचं एक सधन घराणं माल भरायला यायचं. जुनं गिऱ्हाईक, आमच्यातलंच; त्यांच्या मळ्यात एका तरण्या लेकीची समाधी होती. त्यांची माणसं ओट्यावर चढली की आप्पा तराजू माझ्या भावाच्या हाती द्यायचे, आत जाऊन बसायचे, आणि ते लोक जाईपर्यंत बाहेर यायचे नाहीत.