काठी आल्याशिवाय गाडी सुटत नाय

औरंगाबादहून अजिंठ्याकडं जाणारा रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं, तेव्हाची गोष्ट. फुलंब्री सोडून सिल्लोडकडं निघालं की एक टेकडी लागायची. तिथं अर्धा रस्ता उकरलेला आणि उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जायच्या. फुलंब्रीच्या अंगाला झेंडी घेऊन मी उभा असायचो.

मी किनवटच्याही पलीकडचा. सहावीत शाळा सुटली, मग मिळेल ते काम धरलं, आणि धरलेलं काम सुटेल ही धास्ती उशाला घेऊनच झोपलो. हे काम लागलं ते सिल्लोडच्या टोकाला उभे राहणाऱ्या चाचांमुळं. औरंगाबादच्या उस्मानपुऱ्याचे दाढीवाले म्हातारे गृहस्थ. पोरगं लांबून आलंय, ठेवून घे, एवढंच ते मुकादमाला बोलले. त्यांच्या त्या एका बोलण्यावर मी जेवत होतो, आणि ताटावर बसलो की अजूनही ते आठवतात.

मधी टेकडीचं वळण, त्यामुळं चाचा मला दिसायचे नाय आणि मी त्यांना. म्हणून काठी होती. हातभर लांब, टोकाला लाल चिंधी. काठी ज्याच्या हातात, त्यानं आपल्या बाजूच्या गाड्या सोडायच्या आणि शेवटच्या गाडीवाल्याकडं ती द्यायची. ती दुसऱ्या टोकाला पोचली की वाट मोकळी झाली असं समजायचं. कधी चाचा तिला कागदात बांधलेली भजी लावून पाठवायचे. दिवसभर उन्हात आणि फुफाट्यात उभं राहून माणूस पार वाळून जायचा, तेव्हा ती गार भजी लई गोड लागायची.

मुकादमाचा दम होता, काठी नसताना कलेक्टरची जीप जरी सोडलीस तरी दुसऱ्या दिवशी यायचं नाय. त्याला कारण होतं. एकदा खडीचा डंपर आणि मालाचा ट्रक वळणावर समोरासमोर आले, आणि ट्रकचं मागलं चाक खड्ड्यावर लोंबत राहिलं होतं.

त्या सकाळी मी काठी पाठवून दिली, पलीकडून गाड्या आल्या, आणि मग काहीच येईना. शेवटच्या गाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, मागं एक ट्रॅक्टर होता, येईल. ट्रॅक्टर काही आला नाय. माझ्या बाजूला रांग लागली. रांगेत सगळ्यात पुढं एसटी, आणि तिच्यात खेड्यापाड्यांतल्या मुली. दहावीचा पेपर, केंद्र सिल्लोडला, अकराला घंटा. कंडक्टर उतरून दोनदा विचारून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"पोरींचं वर्ष जाईल रे झेंडीवाल्या."

"काठी आली नाय, भाऊ."

"काठी काय पेपर देणार हाय का?"

गाडी सोडावी आणि समोरून डंपर यावा, तर मुलींचं काय होईल ते मी आधी पाहिलेलं होतं. नाय सोडावी तर त्यांची शाळाही माझ्यासारखीच सुटायची. खिडकीत एक मुलगी पुस्तक मिटून नुसती समोर बघत होती. शेवटी मी मागच्या ट्रकवाल्याला हात जोडले आणि एसटीमागं ट्रक आडवा लावून घेतला, म्हणजे मागची रांग घुसायची नाय. लाल झेंडी उचलली आणि एसटीच्या ड्रायव्हरला म्हणालो, मी पुढं चालतो, तुम्ही माझ्या मागं या. कुणी समोर आलंच तर आधी झेंडी दिसेल.

"आधी तू जाशील, मग आम्ही," ड्रायव्हर म्हणाला आणि गियर टाकला.

वाट दीड-दोन मैलांची. मी अर्धा पळत, अर्धा चालत. चपलेत खडी शिरत होती. मागं एसटीचं इंजिन घुरघुरत होतं. खिडकीतली ती मुलगी उतरून माझ्या बरोबरीनं चालायला लागली. गाडीत जीव घुसमटतो म्हणाली.

"दादा, तुमची कितवी झाली?"

"सहावी."

"मग सोडली कशाला?"

मी झेंडी वर धरली आणि वळणाकडं बघत राहिलो.

वळणाच्या अलीकडं डाव्या हाताला एक फाटा होता, आत शेताच्या बांधावर म्हसोबा. तिथं तो ट्रॅक्टर उभा दिसला. बायका-पोरं गोलात बसलेली, आणि शेंदराच्या दगडापुढं आमची काठी रोवलेली. तिला हळद-कुंकू लागलेलं, पुढं नारळ फोडलेला. एसटीला थांबवून मी धावत गेलो आणि ही आमची काठी म्हणालो. त्यांच्यातल्या म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"देवाला निघालो अन् वाटंत दाढीवाल्या बाबानं हातात निशाण दिलं. लाल कापडाचं. ते देवाला नाय वाहायचं तर कुणाला?"

वाहिलेली वस्तू उपटायची माझी छाती झाली नाय. पण आता एक कळलं होतं. काठी चाचांकडं नाय, म्हणजे ते गाडी सोडणार नायत. वाट मोकळी होती. म्हातारीनं खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला, तो मी त्या मुलीला दिला आणि दोघंही एसटीत चढलो. उरलेली वाट मी दारात लोंबकळत, झेंडी बाहेर काढून गेलो.

पलीकडं चाचांसमोरही मोठी रांग, आणि ड्रायव्हर लोक त्यांच्या अंगावर येत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"तो अब गाडियां म्हसोबाच छोडेंगे क्या?"

मी उतरलो, एसटी धुरळा उडवत निघाली. मुलगी मागं बघत होती का, ते धुरळ्यात दिसलं नाय. चाचांनी लिंबाची एक फांदी मोडून माझ्या हातात दिली, आजच्यापुरती हीच काठी म्हणाले, आणि मला त्यांच्या रांगेतल्या शेवटच्या जीपमध्ये बसवून परत धाडलं.

दुपारी मुकादम आला. त्याला सगळं आधीच कळलं होतं. काठीशिवाय गाडी सोडलीस का, एवढंच त्यानं विचारलं. सोडली नाय, सोबत गेलो, असं मी सांगितलं. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. अंगठा फुटून रक्त वाळलं होतं. मग घटकाभर सावलीला बस म्हणाला आणि स्वतः झेंडी घेऊन उभा राहिला. काम राहिलं.

संध्याकाळी तीच एसटी परतली. मी धावत दारापाशी गेलो. कंडक्टर पार दमलेला होता. म्हणाला, फाटक लावतच होते, पण पेपरला बसल्या सगळ्या. आत मुली एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून झोपल्या होत्या. कुठला पेपर होता विचारलं, तर भूमिती म्हणाला. ती मी कधी शिकलो नव्हतो.

"परवा विज्ञान हाय," तो बेल ओढत म्हणाला. "लवकर येऊ आम्ही."

मी मान हलवली आणि फांदी घेऊन येणाऱ्या मागच्या ट्रकला हात केला.