कायद्याने बहीण

ताईला बघायला रोह्याहून पाहुणे आले तेव्हा मी दहावीत होते. आमचं घर जोह्याला, आणि मागच्या पडवीत बाबांचा गणपतींचा कारखाना. मुलगा वकिली शिकत होता. आईबाप लहानपणीच गेलेले, आत्याने वाढवलेला. आत्याबाई पुढे ओटीवर आईशी बोलत बसल्या आणि बाबा मुलाला घेऊन मागे आले. मी तिथे मूर्तीला पॉलिश पेपर मारत होते. बाबांनी मला जा म्हटलं नाही.

"एक सांगायचंय," बाबा त्याला म्हणाले. "पोरीला लहानपणापासून फिट येतात. औषध चालू हाय. लपवून पोरगी द्यायची नाय मला."

मुलगा लगेच म्हणाला, "औषध चालू हाय ना? मग झालं तर. ह्यात एवढं बाजूला आणून सांगण्यासारखं काय हाय?"

बाबांनी हातांची माती धोतराला पुसली न पुसली आणि त्याचे दोन्ही हात धरले. बाबांच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी बघितलं नव्हतं.

लग्नानंतर भावोजी आमच्या घराचेच झाले. सणावाराला पेणला गाडीतून उतरायचे, तिथून एसटीने जोह्याला, आणि आल्या आल्या मला हाक, "काय गो, पुस्तक काढ." माझं इंग्रजी कच्चं होतं. ते एकेक शब्द घेऊन बसायचे.

"'लॉ' म्हणजे काय?" त्यांनी एकदा विचारलं.

"कायदा."

"मग न्यूटनचा लॉ? तो कुठल्या विधानसभेत पास झाला?"

मी हसत सुटले. मग त्यांनी नीट समजावलं. सरकार करतं तोही लॉ आणि आंबा देठातून सुटला की खाली येतो तोही लॉ. पहिला मोडला तर शिक्षा, दुसरा मोडताच येत नाही. ते कॉलेजात शिकत होते तो विषयही लॉ. इंग्रजी सिनेमात कुणी 'लॉ आला' म्हणालं तर पोलीस आले समजायचं. आणि जो कुणाचंच ऐकत नाही, आपल्याच मनाने चालतो, तो माणूस म्हणजे स्वतःच एक लॉ.

"आणि तू माझी सिस्टर-इन-लॉ."

"म्हणजे कायद्याने बहीण?"

"व्हय. आपल्यात मेहुणी वेगळी, नणंद वेगळी, वहिनी वेगळी. त्यांच्यात सगळ्यांना एकच शब्द. पण त्यातला लॉ कोर्टाचा नाय हां. पूर्वी तिकडे चर्चचा कायदा होता. लग्नाने जोडलेली माणसं रक्ताचीच धरायची. बायकोची बहीण ती आपलीच बहीण."

मला भाऊ नव्हता. त्या दिवशी मिळाला असं मला वाटलं, आणि ते वाटणं पुढे कितीतरी वर्षं टिकलं. त्यांच्यामुळे मी इंग्रजी घेऊन बीए केलं, बीएड केलं, पेणच्या एका शाळेत लागले. बाबा गेले तेव्हा पहिला खांदा भावोजींनी दिला.

मग ताईचं बाळ पोटातच गेलं आणि तिच्या फिट वाढल्या. एकदा ती रोह्यात भर बाजारात पडली. त्यानंतर भावोजी तिला घेऊन आले. "थोडे दिवस आईकडे राहू दे, बरं वाटेल," म्हणाले. चहा घेतला, माझ्या शाळेची चौकशी केली आणि गेले. नंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं, आणि एका दुपारी पोस्टमन नोटीस घेऊन आला.

नोटीस इंग्रजीत होती. आई आणि ताई समोर बसल्या, मी वाचत होते. मुलीचा आजार लपवून, फसवणूक करून हे लग्न लावून दिलं, आजार ती बाजारात पडली तेव्हाच कळला, सबब ते रद्दबातल ठरवावं. मला डिक्शनरी लागली नाही. त्यातले बहुतेक शब्द मला त्यांनीच शिकवलेले होते.

"काय लिवलंय?" आईने विचारलं.

मी कागद ताईकडे सरकवला. ताई म्हणाली, "तूच सांग गो. मला कुठे येतं? मला त्यांनी कधी एक शब्द शिकवला नाय."

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला त्यांच्या वकिलीच्या ऑफिसात गेले. त्यांनी पंखा लावला, पाण्याचा ग्लास पुढे केला.

"भावोजी, तुम्हाला माहीत होतं."

"माहीत असणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं," ते शांतपणे म्हणाले. "बाबांनी सांगितलं ते ऐकलं कोणी?"

"मी ऐकलं."

"तू तिची बहीण. कोर्ट तुझं कशाला धरेल?" मग म्हणाले, "तुझ्याबद्दल माझ्या मनात काय नाय. कायदाच तसा हाय, मी काय करू?"

ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ते मला समजावून सांगत होते, अगदी त्याच सुरात, जसा शब्दाचा अर्थ सांगावा.

कोर्टात माझी साक्ष झाली. त्यांच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही बहिणीसाठी खोटं बोलणार नाही कशावरून?" मी म्हटलं, "बाबांनी ह्यांचे हात धरले होते. ह्यांच्या शर्टाच्या बाहीला माती लागली होती." वकील हसला. भावोजींनी मान वर केली नाही.

त्यानंतर आमच्या वकिलाने आत्याबाईंना बोलावलं. त्या भावोजींच्याच घरात राहात होत्या, त्यांचंच खात होत्या. आम्हाला काही आशा नव्हती. म्हातारी पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, "जोह्याहून परतताना ह्यानं मला गाडीतच सांगितलं. पोरीला फिट येतात, पण मला पसंत हाय, म्हणाला. मीच म्हटलं, नीट विचार कर. तर माझ्यावर रागावला." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "मी तुला वाढवला बाबा. पण हे खोटं मी नाय बोलू शकत."

भावोजींचा अर्ज फेटाळला गेला. आई देवापुढे साखर ठेवायला धावली. ताई मात्र म्हणाली, "आता मीच सोडते त्यांना. फसवून दिलेली म्हणून नाय जायचं होतं मला, एवढंच." पुढे दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. आत्याबाई रोह्याचं घर सोडून जिते गावी भाचीकडे राहायला गेल्या. बाबांचा कारखाना आता ताई चालवते, आणि दर गणपतीत त्यांच्यासाठी मूर्ती घेऊन जाते.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. शिकवताना माझ्या तोंडून त्यांचेच उच्चार येतात, उदाहरणं त्यांचीच, विनोदही. वर्ग हसतो तेव्हा मी फळ्याकडे वळते. घर, दागिने, संसार ज्याचा त्याला परत करता येतो. हे कुठे परत करायचं? लिहितानाही बघा, 'ते' असंच येतंय, 'तो' लिहायला हात धजत नाही.

मागच्या महिन्यात ते पेणच्या एसटी स्टँडवर दिसले. केस पांढरे झालेत. मी तोंड फिरवायच्या आत समोर आले.

"कशी हायस?"

"बरी हाय," मी म्हटलं.

"शाळा काय म्हणते?"

कितीतरी वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती. मी 'चाललीय' म्हटलं. माझी गाडी लागली होती, मी चढले आणि खिडकीपासून लांबची जागा बघून बसले. घरी पोचले तर ताई कारखान्यात रंगाला बसली होती. "तोंड का उतरलंय गो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ऊन लागलं." तिने हातातला ब्रश ठेवला आणि मला कोकम सरबत करून आणून दिलं.