वेशभूषेपुरती लिफ्ट

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत दोन लिफ्ट आहेत. पुढची रहिवाशांची. मागची सामानाची, कचऱ्याची आणि घरकामाच्या बायकांची. पुढच्या लिफ्टशेजारी तशी पाटीच होती. गेल्या हिवाळ्यात मागची लिफ्ट बंद पडली आणि तिचा सुटा भाग काही मिळेना. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी गुडघ्याने अधू. सहा मजले चढून आल्या की ओट्याला धरून उभ्या राहायच्या. चढणं थांबलं असतं, तर तीन घरची कामं सुटली असती. मी कमिटीत खजिनदार. हा विषय मी दोनदा मांडला. अध्यक्ष म्हणाले, नियम म्हणजे नियम.

त्याच सुमारास महिला मंडळाने महिला दिनासाठी नाटक बसवायला घेतलं. विषय परदेशातला: बसमधली जागा गोऱ्यांसाठी सोडायला नकार देणाऱ्या, वर्णभेदाविरुद्ध लढा उभारणाऱ्या काळ्या स्त्रिया. अकरा बायका होत्या आणि अकराही जणींना लढायचं होतं. त्यांना उठवणारी गोरी मडम व्हायला कोणीच तयार होईना. शेवटी ते काम मावशींना दिलं.

तालीम गच्चीवर. मावशी वर पोचेपर्यंत उशीर व्हायचा. म्हणून नाटकात लढ्याच्या पुढारी झालेल्या अध्यक्षांच्या पत्नीने कमिटीकडून ठराव करून घेतला: वेशभूषेत असताना मावशींना पुढची लिफ्ट वापरता येईल. ठरावाला मुदत घाला, असं मी सुचवलं.

"नाटकाला कसली मुदत?" अध्यक्ष म्हणाले.

मग मावशी फाटकापाशीच तोंडाला पांढरी पावडर फासून, सहलीची टोपी घालून लिफ्टने येऊ लागल्या. लिफ्टने आल्या त्या पहिल्याच तालमीत त्या खुर्च्यांच्या बसपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथं बसायचं नाही, किती वेळा सांगायचं?" अकराही जणी उठल्या. दिग्दर्शिका वैतागली. मावशींना हा सूर कुठून सापडला, हे कोणी विचारलं नाही.

नाटक छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पावडर लावून, टोपी घालून भांडी घासायला हजर. वॉचमनने ठराव वाचलेला होता, त्याने दार उघडून दिलं. आठवडाभरात टोपी हातोहात फिरू लागली आणि पोळ्यावाल्या बाईही पांढऱ्या होऊन वर आल्या.

अध्यक्षांनी हॉलमध्ये सगळ्या रहिवाशांची सभा बोलावली आणि नाटक संपल्याचं मावशींना कळवलं.

"तुमचं संपलं, साहेब. माझा गुडघा लय दुखतो," मावशी म्हणाल्या. "पावडर नको म्हणता, तर नाय लावत. मंग वर कशी येऊ?"

"जिन्याने," असं म्हणून अध्यक्षांनी सभा संपवली.

त्यांच्या पत्नी बसूनच राहिल्या. बाकीच्या दहाजणीही. पाटी निघेपर्यंत उठणार नाही म्हणाल्या. अध्यक्षांना वाटलं, नाटकातलंच म्हणतायत, ते हसले. मग स्वयंपाकाची वेळ झाली आणि टळलीही. पुरुषमंडळी हॉलच्या दारात ताटकळली. कोणीतरी वडापाव मागवले, ते आतल्या बायकांनीच संपवले. अखेर अध्यक्षांनी माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला.

सकाळी मी लिफ्टमध्ये शिरलो, तेव्हा आत अध्यक्ष दुधाची पिशवी घेऊन उभे होते. पाठोपाठ मावशी आल्या, धुतल्या तोंडाने. दार बंद झालं, पण लिफ्ट हलेना.

"कितवा?" अध्यक्षांनी विचारलं.

"सहावा," मावशी म्हणाल्या.

अध्यक्षांनी बटण दाबलं.