वडिलांचा सत्कार आणि मागच्या दोन खोल्या

ज्या माणसाने माझ्या वडिलांना शाल पांघरली, त्याच माणसाने तीन वर्षांपूर्वी आम्हाला घर नाकारलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्यातूनच घडलं, आणि त्या माणसाबद्दल चांगलं बोलायची माझी आजही तयारी नाही.

वडील फौजेत होते, पण बंदूकवाले नव्हते. नर्सिंग असिस्टंट होते. जखमी जवानाला तो पडला तिथून डॉक्टरच्या टेबलापर्यंत जिवंत पोचवायचं, हे त्यांचं काम. हवलदार होऊन निवृत्त झाले आणि रायपूरला परतले. गुढियारीत आजोबांनी रेल्वेत असताना बांधलेलं आमचं घर आहे, मालधक्क्यापासून दोन गल्ल्या आत. वडिलांना उरला औद्योगिक वसाहतीतल्या, लोखंडी सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये प्रथमोपचाराच्या खोलीत नोकरी मिळाली. तापलेली सळई लागून भाजलेले हात, डोळ्यात उडालेला चुरा, चेंगरलेली बोटं. संध्याकाळी स्कूटरवरून घरी यायचे तेव्हा भुवयांपर्यंत काळी धूळ असायची. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "वर असताना गेला," आणि विषय बदलायचे. 'वर' म्हणजे सीमेवरची बर्फातली चौकी, एवढंच मला माहीत होतं.

आईला दमा. मालधक्क्यावरचे ट्रक रात्रंदिवस घरासमोरून जातात. डॉक्टर म्हणाले, या धुळीतून बाहेर काढा. म्हणून आम्ही भाड्याने जागा शोधत होतो. शहराच्या मधल्या भागात एका कॉलोनीत, कडुनिंबाच्या झाडामागे, एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. फाटकावर 'भाड्याने देणे' अशी पाटी होती. वडील मिलमधून सुटून थेट आले, मी माझ्या लॅबमधून आले. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते.

घरमालक साठीचा, गोरा, हसतमुख. वडील फौजी आहेत म्हटल्यावर तर तो उठून उभाच राहिला.

"अरे, फौजी हैं! फिर तो घर आपका ही समझिए."

चहा आला. खोल्या दाखवून झाल्या. आईचं नाव न घेता मी मनातल्या मनात तिचा पलंग खिडकीशी लावूनही टाकला. मग त्याने आडनाव विचारलं. वडिलांनी सांगितलं. त्याला ते नीट समजलं नाही.

"महाराष्ट्रियन में आप लोग कौन हुए?"

"बौद्ध," वडील म्हणाले.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे आमच्यावरून उठून फाटकाकडे गेले. "मिसेज़ से पूछकर फोन करता हूँ," तो म्हणाला. फोन दुसऱ्या दिवशी आला. जागा एका नातेवाइकाला दिली म्हणे. ती पाटी मात्र दिवाळीपर्यंत फाटकावर होती. लॅबला जाताना रोज दिसायची. मी रस्ता बदलला नाही. रोज बघायची आणि रोज पेटायची.

वडिलांनी खिडक्यांना बारीक जाळ्या ठोकल्या, त्यावर ओली चादर टांगायची सवय लावली, आणि आई तिथेच राहिली, तीच धूळ श्वासात घेत.

तीन वर्षांनी, ऑगस्टच्या सुरुवातीला, वडिलांना फोन आला. त्यांचा नंबर मिलमधल्या कोणीतरी दिला होता. त्या कॉलोनीच्या समितीला पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांचा सन्मान करायचा होता. बोलणाऱ्याने शेवटी विचारलं, "साहब, कितने मारे थे आपने?"

"मैंने किसी को नहीं मारा," वडील म्हणाले. पलीकडचा हसला. त्याला ती नम्रता वाटली असावी.

कॉलोनीचं नाव ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"बाबा, तुम्ही जाऊन नाही राहिले तिथं."

"काहून?"

"काहून म्हणजे? विसरले तुम्ही?"

"मले सगळं याद आहे." ते बूट पॉलिश करायला बसले होते. मान वर केली नाही. "सन्मान नोकरीचा आहे. नोकरी मी केली. मी जातो."

आई मध्ये पडली, "जाऊ दे ना गं त्याईले. एवढ्या वर्षांत कोणी बोलावलं का?" तिच्यावरही मी ओरडले. शेवटी त्यांच्यावर लक्ष ठेवायला मीच सोबत गेले.

कॉलोनीच्या बगीच्यात मांडव होता. सावलीतल्या खुर्च्यांना पांढरी कव्हरं आणि त्यावर 'आरक्षित'. पाच माजी सैनिक आले होते, त्यांना बाहेरच्या रांगेत बसवलं, जिथे नऊ वाजताच ऊन चटके देत होतं. वडिलांच्या शेजारी एक म्हातारे नायक होते, म्हणजे हवलदाराच्या एक पायरी खालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सिमगा बाजूच्या खेड्यातले, छत्तीसगढी बोलणारे. डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. ते पाय ताठ पसरून बसले होते आणि गळ्यातल्या गमछ्याने घाम पुसत होते. मी एका कार्यकर्त्याला म्हटलं, यांना सावलीत घ्या.

"अरे दीदी, फौजी लोग हैं. बर्फ में रहते हैं, धूप क्या चीज़ है!" म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन गेला.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर लहान मुलांनी प्लास्टिकच्या बंदुका घेऊन नाच केला. मग समितीचे अध्यक्ष माइकवर आले. तोच. तोच गोरा, हसतमुख माणूस. छातीवर तिरंग्याचा बिल्ला. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी ओळखलं होतं, पण पाठ जशी ताठ होती तशीच राहिली.

त्याने मात्र वडिलांना ओळखलं नाही. त्या दिवशी धुळीने माखलेला एक माणूस त्याच्या दारात उभा होता. आज निळा कोट आणि पदकं होती.

वडिलांची पाळी आली तेव्हा निवेदकाने कागद वाचला: यांनी एकट्याने अकरा दुश्मनांना कंठस्नान घातलं. टाळ्या. वडील निवेदकाच्या कानाशी झुकले आणि म्हणाले, असं नाही झालं, मी नर्सिंग असिस्टंट होतो. निवेदकाने माइकवर हात ठेवला. मी अगदी पुढे होते, मला ऐकू आलं.

"अरे अंकल, चलता है. पब्लिक को अच्छा लगता है."

मग त्या माणसाने वडिलांना शाल पांघरली, नारळ दिला, वाकून दोन्ही हातांनी हात धरला, आणि फोटो काढणारा नीट जागेवर येईपर्यंत सोडला नाही.

नाश्त्याच्या टेबलाशी तो सगळ्यांना आग्रह करत फिरत होता. आमच्याशी आला. "फौजी साहब, ये देश आपका कर्ज़दार है. कुछ भी काम हो, आधी रात को बोलिए."

मी म्हटलं, "अंकल, वो पीछे के दो कमरे किराए पर गए कि नहीं?"

"कौन से कमरे, बेटी?"

"नीम के पेड़ के पीछेवाले. तीन साल पहले हम देखने आए थे. आपने कहा था, घर आपका ही समझिए. फिर आपने पूछा, हम लोग कौन हुए."

त्याच्या चेहऱ्यावर ओळख कधी उतरली, तो क्षण मी पाहिला. आजवर एवढ्या समाधानाने मी काही पाहिलेलं नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही. समितीतल्या एक बाई पुढे आल्या, "बेटा, आज के दिन ये सब नहीं करते."

"मग कोणत्या दिवशी करायचं?" मी मराठीतच बोलले. हिंदी सुचलीच नाही. "सांगा ना, कोणत्या दिवशी येऊ?"

तो वडिलांकडे वळला. आवाज खाली आणला. "साहब, आप ही समझाइए बिटिया को. कुछ गलतफहमी हुई है."

वडिलांनी हातातली समोशाची प्लेट टेबलावर ठेवली. "गलतफहमी नहीं हुई. वो सही बोल रही है."

एवढंच. मला वाटलं, आता शाल काढून त्याच्या अंगावर टाकतील. मी अक्षरशः वाट पाहत होते. त्यांनी शालीची घडी घातली आणि काखेत नीट धरली.

"परत द्या ना ती," मी म्हटलं.

"काहून देऊ? त्यानं दिली म्हणून ती त्याची होत नाही." आणि ते निघाले.

मागून खट-खट आवाज आला. नायकही उठून येत होते. ना नारळ घेतला, ना नाश्ता. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बने करेस, नोनी." चांगलं केलंस, पोरी. त्या दिवशी दुसऱ्या कोणीच मला ते म्हटलं नाही.

चौकाजवळ चहाच्या टपरीवर बाकावर आम्ही तिघं बसलो. नायकांनी वडिलांना विचारलं, तू खरोखर काय केलंस? अकरा-बिकरा सोड. आणि वडील सांगू लागले. घरी कधीच न सांगितलेलं, निम्मं हिंदीत, निम्मं छत्तीसगढीत, एका पायाच्या अनोळखी माणसाला.

चौकीवर दुपारपासून तोफांचा मारा चालू होता. पुढच्या खंदकात चार जण जखमी होऊन पडले होते. मध्ये उघडा उतार, दोनशे पावलांचा, समोरच्या शिखरावरच्या शत्रूला स्पष्ट दिसणारा. स्ट्रेचर उचलायला दुसरा माणूस नव्हता. वडील एकटे गेले आणि एकाला पाठीवर घेऊन आले. त्याची मांडी बांधली, पुन्हा गेले. दुसऱ्याला आणलं. तिसऱ्या खेपेला जवळच गोळा फुटला आणि कानात शिट्टी वाजली, ती अजून वाजते आहे. तिसराही पोचला. ते तिघेही जगले.

"अउ चौथा?" नायकांनी विचारलं.

चौथा मेला होता. दुसऱ्या खेपेलाच वडिलांनी त्याची नाडी पाहिली होती. तरी ते चौथ्यांदा त्या उतारावर गेले आणि त्याला घेऊन आले.

नायक रागावले. खरंच रागावले, चहा हिंदकळला. "मरे मनखे ला काबर लानेस? तहूँ मर जाते त?" मेलेल्याला कशाला आणलंस? तूही मेला असतास तर?

वडील ग्लास बाकावर ठेवत म्हणाले, पहिल्या खेपेला निघताना तो शुद्धीवर होता. मी त्याला सांगितलं होतं, परत येतो. मागे राहणाऱ्या सगळ्यांनाच मला तसं सांगावं लागत होतं.

नायक वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले. मी तिथे बाकाच्या टोकाला बसून रडले, आणि रडताना पुन्हा राग आला. तीस वर्षांची होत आले होते मी, एका घरात राहत होतो, आणि हे मला टपरीवर ऐकायला मिळालं. मांडवातल्या दोनशे लोकांना अकरा मुडदे हवे होते. चार माणसं पाठीवर आणणारा माणूस त्यांच्यासमोर उभा होता, आणि त्याचा माइक हाताने झाकला होता.

घरी आल्यावर, दारात ऑटोतून उतरून वडील म्हणाले, "तू बोलली ते बरोबर बोलली. पण ते माझं होतं. बोलायचं का नाही ते मी ठरवणार होतो."

"तुम्ही बोललेच नसते."

"नसतो बोललो. तरी माझंच होतं ना?"

आठवडाभर आमचं धड बोलणं नव्हतं. ते बरोबर होते, आणि मीही चूक नव्हते. आई दोघांनाही वेगवेगळं जेवायला वाढायची आणि दोघांनाही शिव्या घालायची.

त्या माणसाकडून माफीचा फोन आला नाही. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात त्याने वडिलांचे हात धरलेले आहेत आणि खाली अकरा दुश्मनांचा मजकूर आहे. मी वर्तमानपत्राच्या कार्यालयात जाऊन तक्रार लिहून दिली. दुरुस्ती छापली गेली नाही. पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं नव्हतं. माझा राग तसाच आहे. लोक म्हणतात, सोडून दे. आईची छाती वाजते तेव्हा मी त्यांना घरी बोलावून ती ऐकवायला तयार आहे.

एक गोष्ट मात्र झाली. नायक आमच्याकडे यायला लागले, सिमग्याहून बसने, महिन्यातून एकदा. दोघांनी मिळून मिलमध्ये कामगारांना जखमी माणूस कसा उचलायचा ते शिकवायचं काढलं. मालकाने आधी कुरकुर केली, मग पाळी बदलायच्या आधीची पंधरा मिनिटं दिली. नायक कृत्रिम पाय काढून शेडमध्ये आडवे होतात आणि जखमी होतात. इतकं खरं विव्हळतात, मध्येच उचलणाऱ्याला छत्तीसगढीत अशा काही शिव्या देतात, की कामगारांना हसू आवरत नाही. परवा मीही पाहायला गेले होते. चांगले धट्टेकट्टे चार जण तोंड दाबून हसत उभे होते, नायक जमिनीवरून त्यांच्या खानदानाचा उद्धार करत होते, आणि वडील लालबुंद होऊन मराठीतच ओरडत होते,

"हसून काय राहिले बे? माणूस मरून राहिला तिकडं. उचला!"