समोरच्या भिंतीचा उजेड

पांढुर्ण्याहून जबलपूरला कॉलेजात आलो तेव्हा कमानिया गेटमागच्या गल्लीत एका मराठी बाईंकडे राहिलो. त्यांना मी मावशी म्हणायचो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी पदवीधर झालो तो मावशींच्या तळमजल्यावरच्या खोलीत बसून.

त्या खोलीत ऊन कधीच येत नसे. एकच खिडकी, तिच्यापुढे विहिरीएवढी मोकळी जागा आणि पलीकडे शेजारच्या भाभींच्या तिमजली घराची मागची भिंत. सकाळी आमच्या छपरावरून ऊन त्या भिंतीच्या माथ्यावर पडायचं आणि तिथून उजेड हळूहळू खाली झिरपायचा. दुधासारखा, सावली न पाडणारा. वाटायचं, आपण स्वच्छ पाण्याच्या तळाशी बसून वाचतो आहोत आणि वर कुठेतरी दिवस चालला आहे.

तो उजेड मावशी राखायच्या. दसऱ्याआधी भाभींच्या भिंतीला चुना मावशीच लावून घ्यायच्या. भाभी वरच्या खिडकीतून ओरडायच्या, "हर साल हमें चूना लगाती हो, दीदी!"

"दीवार तुम्हारी, सूरज हमारा!" मावशी खालून म्हणायच्या.

आता मी सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसात घरांचे नकाशे काढतो. दाट वस्तीतलं घर असलं की आधी समोरची भिंत बघून येतो. कुठे शिकलो, ते मला ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीआधी मावशींकडे गेलो तर भर सकाळी जुनी, मिणमिणती ट्यूबलाइट लावलेली. बाहेर पाहिलं. भिंत चॉकलेटी झाली होती. मुलाच्या लग्नासाठी भाभींनी सगळं घर रंगवून घेतलं होतं, मागची बाजूसुद्धा.

अंधारात उंबऱ्याला ठेच लागून मावशी पडल्या होत्या. त्यांचा मुलगा खमरियाच्या कारखान्यात आहे, फ्लॅट जबलपुरातल्याच गोरखपूर भागात. रविवारी तो त्यांना कायमचं न्यायला येणार होता.

"तुम्हाला जायचंय?"

"नाही रे. इथं गल्लीतली पावलं ओळखते मी. तिथं कोणाची ओळखू?"

"मग भाभींना काहून नाही सांगत?"

"काय सांगू बापा? माझा दरवर्षीचा त्रास वाचावा म्हणून तिनं भारीतला रंग लावला. किती खुशीनं सांगून राहिली होती! आता म्हणू, तुझ्या मायेनं अंधार केला?"

मी वाद घातला नाही. वर जाऊन भाभींना एवढंच म्हणालो, उद्या सकाळी मावशींकडे चहाला या. त्या दोघींचं सगळं बोलणं खिडकीतून चालायचं. गुडघ्यांमुळे भाभी कित्येक महिन्यांत खाली उतरल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या जिना धरत आल्या, खिडकीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "दीदी, बत्ती तो जला दो."

"जली है."

भाभींनी ट्यूबकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मान वर करून कितीतरी वेळ त्या आपल्याच भिंतीकडे बघत राहिल्या.

"ये मैंने किया?"

"चाय ठंडी हो रही है," मावशी म्हणाल्या.

"इतने दिन मुँह में दही जमाए बैठी थीं?" भाभींचे डोळे भरले होते, आवाज मात्र भांडणाचा. "भैया, इस पर चूना टिकेगा?"

"नहीं. सफ़ेद पेंट लगेगा."

"तो खड़े क्या हो, पेंटर को बुलाओ!"

रविवारी मुलगा आला तेव्हा मावशी खिडकीशी तांदूळ निवडत होत्या. नव्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड उतरून त्यांच्या सुपात, मनगटांवर, फरशीभर पसरला होता. मुलगा खाटेवर टेकला. बॅग कुठे आहे, असं विचारणार होता बहुधा. सुपातले खडे बाजूला होत होते, त्याचा बारीक आवाज आम्ही दोघं ऐकत राहिलो.

सवयीने लावलेली ट्यूब अजून तशीच होती. तो उठला, बटण बंद केलं. खोलीत काहीच बदललं नाही.

"बरं," तो म्हणाला, "आई, चहा तर ठेव."