माह्या हातची खिचडी

"डाव ठेव खाली," हेडसर म्हणाले. "हात नको लावू आता कशालेच."

शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होते ते. आत पाय नाही टाकला. नाकाले रुमाल. अहो, तिथं खिचडीचा वास येऊन राहिला होता, दुसरं काय येणार? मी डाव खिचडीच्या गंजावर, पातेल्यावर, आडवा ठेवला. बाहेर पोट्टे ताटल्या घेऊन रांगेत उभे. त्यायच्यातच माही पोरगी. पाचवीत आहे.

हेडसरनं चपराशाले बोलावलं. त्यानं दोन्ही हाताले प्लास्टिकची पन्नी गुंडाळली, अख्खा गंज उचलला अन् नालीत उपडा केला. वाफ निघून राहिली होती. एक पोट्टं म्हणालं, "सर, भूक लागली." मंग माही पोरगी रांगेतून निघाली, ताटली जागेवर ठेवली अन् वर्गात जाऊन बसली. माह्याकडे पाहिलं नाही तिनं. तेच लागलं मले. गंजाचं नाही एवढं.

आमचं गाव रामाकोन्याच्या पलीकडं, भोपाळच्या राज्यात. नाव नाही सांगत. सांगतलं तर म्हणतील, बाईनं गावाची बदनामी केली. गावानं माही केली, ते चालते.

मले एचआयव्ही आहे. कसा झाला, कोणापासून झाला, नाही सांगणार. शुगरवाल्याले कोणी विचारते का, तुले शुगर कोणी दिली म्हणून? पोरगी पोटात होती तेव्हा तपासणीत निघालं. तेव्हाच गोळ्या सुरू केल्या, म्हणून पोरगीले काही नाही. नवरा गेला. त्यानं गोळ्या घेतल्याच नाहीत, लोकायले समजन म्हणून. रोगानं नाही मेला माहा नवरा. लाजेनं मेला.

गोळ्या फुकट भेटतेत. जवळच्याच दवाखान्यात भेटतेत. पण तिथली खिडकी अशी, की समोरच्या बाकावर सारं गाव खोकला-ताप घेऊन बसलेलं. त्या खिडकीवर उभी राहिली की कपाळावर शिक्का. म्हणून मी ते सोडलं अन् नागपूरले गेली. माहेरचं नाव सांगून तिथं नवीन कार्ड काढलं. सौसरहून बस धरायची. शेजारणीले सांगायची, मायले पाहाले चालली. माय तर कधीची मरून गेली होती. आपलीच मोरी अन् मुतायची चोरी!

पण एक गोष्ट नाही आली ध्यानात. नागपुरात मी गोळ्या खाऊन राहिली होती, अन् इकडच्या कॉम्प्युटरात मी गोळ्या सोडलेली बाई झाली. हरवलेली.

तेवढ्यात भोपाळची टीम येणार म्हणून उठलं. औषध सगळ्यायपर्यंत पोचलं की नाही, ते पाहाले. इकडच्या दवाखान्याच्या साहेबाले दाखवायचं होतं की आमच्याकडचा एकही माणूस सुटला नाही. मंग काय! निघाली जीप हरवलेल्या माणसायले शोधाले. माणूस काय बैल आहे का, दावं तोडून पळालेला?

जीप शाळेत आली. पोट्टे अंगणात, मास्तर व्हरांड्यात. जीपमधल्या माणसानं तिथंच उभं राहून हेडसरले माहं नाव विचारलं. म्हणाला, "एचआयव्हीच्या गोळ्या बंद केल्या तिनं. जरा समजावून पाठवा." काळजीनं म्हणाला असन. त्याची काळजी, अन् गळा माहा. मी आतून ऐकलं. माहे हात खिचडीच्या गंजावरच होते. जीप फाटकाबाहेर गेली अन् हेडसर दारात आले.

खरं सांगू? जातीचं तर होतंच आधीपासून. मी बौद्ध मोहल्ल्यातली. बायायच्या बचत समूहानं मले शाळेच्या स्वयंपाकाले लावलं तेव्हा अर्धे पोट्टे घरून डबे आणत. मंग डब्यातल्या थंड्या पोळीपेक्षा माही खिचडी गोड लागाले लागली, अन् डबे बंद झाले. मायबाप गप्प बसले. पण पोटातलं पोटातच राहिलं. आता त्यायले साजरं कारण भेटलं. "तिले बिमारी आहे." बस. जातीचं नावच काढावं लागत नाही.

मी घरात कोंडली. दार उघडंच होतं, तरी कोंडली. नळावर गेली की बाया घागरी उचलून बाजूले होत. नागपूरले निघाली की बसमध्ये कुजबुज, चालली पाहा गोळ्या आणाले. नाही जावं तर अंगणात जीप. धरलं तर चावते, सोडलं तर पळते. गाव सोडावं म्हटलं, तर जाऊ कुठं? पोरगीले घेऊन कोणाच्या ओट्यावर पडू? अन् तिथंही समजलं तर? रडली मी. पोरगीवर ओरडली. तिनं एकच विचारलं, "आई, तू खरंच काही केलं का?"

"काही नाही केलं व माय," मी म्हटलं. पण माहाच आवाज मले चोराचा वाटला. लय राग आला. स्वतःचाच.

मंग एक दिवस हेडसर अन् तो जीपवाला घरी आले. ओट्याखालीच उभे राहिले. हेडसर म्हणाले, "पांढुर्ण्याले मीटिंग आहे. साजरी साडी नेसून ये. म्हण, औषध मिळते, भेदभाव नाही, शाळेत स्वयंपाक करून राहिली. तुझं नाव मी कामावर तसंच ठेवतो. फक्त शाळेत येऊ नको."

मी गेली. हो म्हणूनच गेली. नाही म्हणाची हिंमत नव्हती माह्यात.

हॉलात कोपऱ्यातली खुर्ची दिली. सगळ्यायले कपबशीत चहा, मले कागदाच्या कपात. भिंतीवर पडदा, पडद्यावर रेघा, रेघा वर वर चढून राहिलेल्या. साहेबानं माह्याकडे बोट केलं. "ये छूट गई थी. हमने ढूँढ निकाली." टाळ्या वाजल्या. भोपाळच्या मॅडम चांगल्या तोंडाच्या होत्या. म्हणाल्या, "बोलिए, दवा मिल रही है न? कोई दिक्कत?"

हेडसर दुरून मान हालवून राहिले होते. बोल, बोल.

"दवा मिलती है, मॅडम," मी म्हटलं. पुढं हिंदी सुटली अन् माही बोली आली. "मी गोळ्या सोडल्याच नव्हत्या. लाजेच्या मारे नागपूरहून आणत होती. तुमची जीप शाळेत आली, साऱ्यायसमोर माही बिमारी सांगतली. त्याच दिवशी माह्या हातची खिचडी नालीत ओतली. मले कामावरून काढलं. काढणारे इथंच बसले आहेत. विचारा."

हेडसर उठले. हसून म्हणाले, "निकाला नहीं मॅडम, आराम करने को कहा है."

"मंग लिहून द्या," मी म्हटलं. कुठून आलं तोंडात, मलेच माहीत नाही. "काहून आराम, कोणत्या बिमारीसाठी आराम, लिहा अन् सही करा."

हेडसरच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा समजलं मले. त्यायले लिहिता येत नाही! तोंडानं काढता येते, कागदावर काढता येत नाही. या बिमारीपायी कोणाले कामावरून काढाले बंदी आहे, कायदाच आहे तसा. ज्या माणसाले मी इतके दिवस भेत होती, तो एका सहीले भेऊन राहिला होता.

मॅडम म्हणाल्या, "देखेंगे." पडद्यावर पुढची रेघ आली.

कोणी काही पाहिलं नाही अजून. शाळेत दुसरी बाई स्वयंपाक करते. मोहल्ल्यातलेच म्हणतेत, चूप बस, पोरगीचं लग्न व्हायचं आहे. पोरगी म्हणते, "आई, शाळेत नको न येऊ. पोट्टे हसतेत." मी म्हटलं, घरी बसली तर तेच खरे ठरतील. तिले नाही पटलं. दोन दिवस बोलली नाही माह्याशी. त्याचं दुखते मले, खोटं काहून सांगू.

पण मी जाते. गोळ्या आता इकडच्याच खिडकीवर घेते, सासरच्या नावानं, साऱ्यायच्या डोळ्यादेखत. अन् शाळा भरली की स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसते. हेडसर म्हणतेत, तमाशा नको. तमाशा मी नाही लावला. माहं काम मले द्या, नाही तर काहून देत नाही ते सही करून द्या. तिसरं काही घेऊन मी या दारातून उठत नाही.